पान सहाशे अकरावरचा काना

३ जून

आजपासून रोजनिशी लिहायची. कारणही तसंच आहे. मी आता अनुवादक झालो.

वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. शहरात असा तराजू सापडायचा नाही, ज्यावर मी शिक्का मारलेला नाही. पण शिक्क्यावर नाव खात्याचं. माझं नाव कुठे म्हणजे कुठेच नाही. आमच्या दारावरसुद्धा आधीच्या भाडेकऱ्याची पाटी आहे. त्याची पत्रं येतात आणि मी निमूटपणे सही करून घेतो.

आणि आमचे साडू बघा! हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर विम्याचे फॉर्म भरले आणि निवृत्त झाल्यावर ‘घरच्या घरी अळंबी’ नावाचं पुस्तक लिहिलं. चौसष्ट पानं, त्यातली वीस चित्रांची. पण मुखपृष्ठावर नाव आहे, तेही ठसठशीत. गेल्या खेपेला त्यांनी ते मला तिसऱ्यांदा भेट दिलं.

म्हणून मी सातशे बारा पानांची कादंबरी घेतली. दीडशे वर्षांपूर्वीची, परभाषेतली. एक गिरणीवाला आहे, त्याची बायको आहे, जिला सगळे बाईसाहेब म्हणतात, आणि त्यांच्या घरी कपडे शिवायला येणारी एक शिंपीण आहे. गिरणीवाल्याचं अर्धं अंग लुळं पडतं, तो वरच्या मजल्यावर पडून राहतो आणि बाईसाहेब गुपचूप त्याच्या नावाने पत्रं लिहून, त्याच्या सह्या करून गिरणी चालवते. शिंपीण तिला कामगारांच्या चाळीतली खबर देते. पुस्तक विकत आणावं लागलं नाही. हिच्या जुन्या ट्रंकेत होतं, कॉलेजात कसलंसं बक्षीस मिळालेलं म्हणे. आत एक कागद चिकटवलाय, पण चष्मा जवळ नव्हता, वाचला नाही.

प्रकाशकांची अट एकच: पहिली शंभर पानं त्यांच्या संपादिकाबाईंना पसंत पडायला हवीत. मग पुस्तक निघणार आणि मुखपृष्ठावर माझं नाव येणार. शितावरून भाताची परीक्षा. होऊन जाऊ दे.

५ जून

कामाची पद्धत ठरली. मी आधी वहीत कच्चं लिहिणार, मग खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने सांगणार आणि ही कॉम्प्युटरवर उतरवणार. हिने कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलंय. माझं अक्षर वाचण्यापेक्षा ऐकलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, दुसरीवर शब्दकोशाचे चार खंड. चांगली खुर्ची रिकामी ठेवून करायचं काय? ही ओट्यापाशी स्टुलावर बसून टाइप करते. तिला तिथली सवय आहे. जेवतेही तिथेच, माझं झाल्यावर, उभ्याउभ्याने.

पहिलं वाक्य सांगितलं: ‘सदर गिरणीमालक हे गिरणी सुरू होण्याच्या विहित वेळेपूर्वीच निद्रेतून जागृत होत असत.’

ही म्हणाली, “सदर?”

मी म्हटलं, “सदर.”

“बरं,” म्हणाली आणि टाइप करत बसली. वाक्याच्या मानाने जरा जास्तच वेळ लावला. वय झालं आता.

चहाच्या वेळी तिने एक गंमत सांगितली. कोर्टात एक न्यायाधीश होते, ते इतकं वेडंवाकडं सांगायचे की ही मनातल्या मनात वाक्य सरळ करायची आणि मग टाइप करायची. नऊ वर्षं त्या गृहस्थांना पत्ता लागला नाही. उलट त्यांच्या निकालांच्या भाषेचं वरपर्यंत कौतुक झालं! मी तर पोट धरधरून हसलो. काय एकेक माणसं असतात.

१२ जून

आज हिने सांगताना मध्येच थांबवलं.

“अहो, बाईसाहेब शिंपिणीला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’?”

मी पुस्तक बघितलं. त्या भाषेत भानगडच नाही. एकच शब्द. राजाला तोच आणि दारातल्या कुत्र्याला तोच.

“काय फरक पडतो?” मी म्हटलं.

“सगळाच,” ही म्हणाली.

असले प्रश्न बायकांनाच पडतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पुढचं वाक्य सांगितलं.

२७ जून

पाठवलेली पहिली वीस पानं बघून संपादिकाबाईंचं पत्र आलं. वयाने लहान असाव्यात, सही तशी आहे. लिहितात: ‘मूळ भाषेत तू आणि तुम्ही हा भेद नाही. कोण कोणाला काय म्हणतं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. सगळी कादंबरी त्यावर उभी आहे.’

फारच मार्मिक मुद्दा! मला तर तो आधीपासूनच वाटत होता. हिला पत्र वाचून दाखवलं. ही म्हणाली, “हो का?”

लगेच कामाला लागलो. खात्याचे जुने तपासणीचे फॉर्म माळ्यावर होते. त्यावर तक्ता आखला. पात्राचं नाव, धंदा, समोरचा माणूस, आणि शेवटच्या रकान्यात आदराचं प्रमाणित माप: तू, तुम्ही किंवा आपण. जुना ‘तपासले’ शिक्काही सापडला, रबर अजून शाबूत. गिरणीवाला बायकोला: तू. बायको गिरणीवाल्याला: तुम्ही. बाईसाहेब शिंपिणीला: तू. शिंपीण बाईसाहेबांना: आपण. प्रत्येक ओळीवर शिक्का मारला आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला.

ही बराच वेळ तक्त्यासमोर उभी होती. “मी कुठल्या रकान्यात?”

“तू कशाला? तू काय कादंबरीत आहेस?”

“नाही बाई. मी कुठली कादंबरीत.”

२ जुलै

माप ठरवलं म्हणजे ते बाहेर वापरून बघितलं पाहिजे. कागदावरचा किलो आणि दुकानातला किलो यांत फरक असतो हे मी जन्मभर पाहिलंय.

प्रयोग पहिला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून नळवाल्याला बोलावलं. दार उघडून म्हटलं, “यावं. आपण आत यावं. आपल्याला पाणी हवं का?” त्याने आधी मागे वळून बघितलं, कोणी मोठा माणूस आलाय का म्हणून. मग पिशवी छातीशी धरून म्हणाला, “साहेब, माझं मागच्या वेळी काही चुकलं का?” मी म्हटलं, “छे छे, आपलं काय चुकणार?” त्यावर तो आणखीच घाबरला आणि पाना विसरून निघून गेला. नळ अजून गळतोय.

प्रयोग दुसरा. डॉक्टरांकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. खुर्चीत बसता बसता म्हटलं, “काय रे, बरा आहेस ना? जरा माझा खोकला बघ.” त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला. आजचा वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मग बाहेर जाऊन हिला फोन लावला. ही हसत सांगत होती, डॉक्टर विचारत होते, असं कधीपासून होतंय. हिने सांगितलं, चौतीस वर्षं.

आमच्या लग्नालाही चौतीसच वर्षं झाली. आकडा जुळला खरा.

२१ जुलै

विजय! शंभर पानं पसंत! पुस्तक निघणार! वर्षअखेर सगळं बाड द्यायचं.

संपादिकाबाई लिहितात: ‘“गिरणी उठायच्या आधी मालक उठायचा” या पहिल्याच वाक्याने मला आत ओढून घेतलं. आणि बाईसाहेब आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर येते तिथलं “तिने पडदा ओढला आणि दिवस बाहेर ठेवला” हे वाचून मी दोन मिनिटं पुढे वाचलंच नाही. मराठीत इतकं सहज फार दिवसांत वाचलं नव्हतं.’

शब्द नेमके असेच होते असं आठवत नाही. पण अर्थ तोच. तंद्रीत असलं की माणसाच्या तोंडून काय काय निघून जातं, ते त्याचं त्यालाही कळत नसतं. मी छापील पानं परत वाचत नाही. निरीक्षकाने एकदा शिक्का मारला की मारला.

पत्र घेऊन तडक साडूंकडे गेलो, हिलाही नेलं. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ‘दिवस बाहेर ठेवला’ला मेहुणी एकदम म्हणाली, “अगं, हे तर तुझं—” आणि तेवढ्यात तिला जोराचा ठसका लागला. हिने पाठीवर थोपटलं. जरा जास्तच जोरात थोपटलं असं मला वाटलं. साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण हार मानतील तर ते साडू कसले! निघताना चौथी प्रत हातात दिली.

९ सप्टेंबर

तीनशे चाळीस पानं झाली. हिच्या बोटांना सूज येते, संध्याकाळी कोमट पाण्यात हात धरून बसते. मी म्हटलं, “माझाही घसा बसलाय.” कष्ट दोघांनाही आहेत.

१४ नोव्हेंबर

पान सहाशे अकरा. तक्त्याची खरी परीक्षा इथेच आहे. म्हणून आज पहिल्यांदा छापील पान स्वतः तपासलं.

प्रसंग असा. बाईसाहेब जेवणाच्या टेबलाशी गिरणीचे कागद घेऊन बसलीय. शिंपीण नेहमीसारखी दाराशी उभी. सहाशे पानं ही बाई उभीच आहे. शिवतानाच काय ती बसली असेल. बाईसाहेब शेजारची खुर्ची ओढते आणि तिला बसायला सांगते. शिंपीण बसते. झालं! एक बाई खुर्चीवर बसते आणि त्यासाठी लेखकाने अख्खं पान खर्ची घातलंय.

मी सांगितलं होतं: ‘“बस,” बाईसाहेब म्हणाल्या.’ तक्त्याप्रमाणे तू. छापून आलं: ‘“बसा,” बाईसाहेब म्हणाल्या.’

एक काना जास्त. हिला दाखवलं. “हो का,” म्हणाली.

१५ नोव्हेंबर

पुन्हा छापलं. पुन्हा ‘बसा’.

१७ नोव्हेंबर

पांढऱ्या शाईने काना पुसला. दुपारी बघतो तर टेबलावर नवीन पान, त्यात काना. तेही पुसलं. तिसरं पान आलं, त्यातही काना. चौथ्याच्या वेळी मी स्वतः कॉम्प्युटरपुढे बसून काना काढला, छापलं, खात्री केली आणि झोपायला गेलो. उठलो तर ‘बसा’. घरात एका पानाच्या सतरा प्रती झाल्यात आणि सगळ्यांत मिळून ही शिंपीण सतरा वेळा मानाने बसलीय.

यंत्र बिघडलंय. उद्या मशीनवाला येतोय.

१८ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मशीनवाल्याने ‘बस’ असं दहा वेळा टाइप केलं. दहा वेळा ‘बस’च छापून आलं. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “साहेब, मशीन काना देत नाही. काना माणूस देतो.” आणि ओट्याकडे बघितलं.

तो गेल्यावर मी विचारलं, “तू देतेस काना?”

“हो.”

“का म्हणून?”

“अहो, सहाशे पानं उभी आहे ती. बाईसाहेबांची गिरणी तिच्या जिवावर चाललीय. आता ‘बस’ म्हटलं तर ती हुकूम झाल्यासारखी बसेल. ‘बसा’ म्हटलं तर... निराळीच बसेल. पुस्तकच त्यासाठी लिहिलंय.”

मला राग आला. सहाशे पानं मी सांगायची आणि शेवटी पुस्तक कशासाठी लिहिलंय ते मला ओट्यापासून ऐकायला लागायचं! कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हटलं, “कोणी कोणाला काय म्हणायचं ते अनुवादक ठरवतो. टायपिस्ट नाही.”

ही म्हणाली, “बरं.” काना काढला. पान छापून माझ्या हातात दिलं. कॉम्प्युटर बंद केला, त्यावर धूळ बसू नये म्हणून कापड टाकलं, कापडाची चारी टोकं नीट केली.

१९ नोव्हेंबर

ही सकाळी बहिणीकडे गेली. “ताईकडे चार दिवस जाऊन येते,” एवढंच म्हणाली. अळंबीचा हंगाम असेल. माणसं कमी पडत असणार त्यांना.

२६ नोव्हेंबर

चार दिवसांचा आठवडा झाला. अजून शंभर पानं राहिलीत. एक टंकलेखक मिळाले. कडक इस्त्रीचा शर्ट, कोरलेल्या मिशा. दारातच सांगितलं, “माझं तत्त्व एकच. जे कानावर पडेल ते कागदावर. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.”

मनातून म्हटलं, देव पावला. हाच माणूस पाहिजे होता.

त्यांनी विचारलं, “बसू कुठे?” मी चटकन शब्दकोश खाली ठेवून खुर्ची पुसून दिली. परक्या माणसाला स्टुलावर कसं बसवणार?

३ डिसेंबर

सहा दिवसांत शंभर पानं! टंकलेखकांनी एकही प्रश्न विचारला नाही. न वाचता तशीच पाठवून दिली. आता बाईंच्या पसंतीचं पत्र येईल ते साडूंना वाचून दाखवायचं.

एक मात्र बोचलं. या लेखकाने शेवटी गिरणीवाल्यावर फार अन्याय केलाय. गडी माणूस वर्षभराने बरा होऊन जिना उतरून खाली येतो, तर टेबलाच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कोणी उठत नाही. तो नुसता उभा. त्याचं चुकलं काय, हे सातशे पानांत मला कुठे सापडलं नाही.

घरात चहा पुड्यातला संपला की कुठल्या डब्यातून भरायचा, ते कळत नाही.

५ डिसेंबर

संपादिकाबाईंचा फोन आला.

“सर, ही शेवटची पानं मी तुम्हाला वाचून दाखवू का?” आणि वाचायलाच लागल्या:

“‘सदर गिरणीमालक हे शय्येवरून उठून अरे हा वास कसला दूध उतू गेलं वाटतं थांबा हं जिना उतरते झाले. माझी खुर्ची कुठे आहे अशी त्यांच्याद्वारे पृच्छा करण्यात आली. शब्दकोश कुठे ठेवला मेला. ही नसली की घरात एक वस्तू सापडत नाही. पूर्णविराम.’”

मी म्हटलं, “टंकलेखकाची चूक.”

“दूध वगैरे सोडा सर. ‘त्यांच्याद्वारे पृच्छा करण्यात आली’ ही कोणाची चूक?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एक विचारू? पहिली सहाशे पानं ज्यांनी केली, त्यांच्याशी बोलता येईल का?”

“मीच तो.”

“नाही सर,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “राग मानू नका. मी वाक्यं ओळखते. आणि सहाशे अकरावर ‘बस’ कसं काय आलं हो? तिथे मी ‘बसा’ची वाट बघत होते.”

६ डिसेंबर

दिवसभर पंचनामा केला. एका बाजूला माझ्या वह्या, दुसऱ्या बाजूला छापील बाड. पट्टी घेऊन एकेक ओळ जुळवली, खात्यात तराजू तपासायचो तशी.

माझी वही: ‘तिच्याद्वारे पडदा ओढून घेण्यात आला व परिणामी खोलीत अंधार निर्माण झाला.’

छापील: ‘तिने पडदा ओढला आणि दिवस बाहेर ठेवला.’

सगळी पानं अशी. सगळी म्हणजे सगळी. माझं एक वाक्य सापडलं, पान दोनशे आठवर: ‘पाऊस थांबला.’ तेवढं हिने ठेवलंय.

मग मूळ पुस्तक उघडलं. चष्मा लावून आतला कागद वाचला. ‘भाषांतर स्पर्धा. प्रथम क्रमांक.’ खाली हिचं माहेरचं नाव. पान सहाशे अकरा काढलं. समासात शिसपेन्सिलीने एक शब्द लिहिलेला, कॉलेजातल्या पोरीच्या गोल अक्षरात: ‘बसा’. काना दोनदा गिरवलाय.

छत्तीस वर्षांत मी कोणाकडून साधा चहा घेतला नाही. मापात पाप करणाऱ्याला कधी सोडलं नाही, शेजाऱ्याच्या दुकानालासुद्धा टाळं लावलं. दुसऱ्याचा माल आपल्या शिक्क्याखाली खपवणारे पुष्कळ पकडले. ते सगळे एकच वाक्य म्हणायचे, ‘साहेब, माझ्या लक्षातच आलं नाही.’ मी कधी ऐकून घेतलं नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात. मला ते नाव मुखपृष्ठावर फार हवं होतं. अजूनही हवंय. इथे खोटं लिहून काय उपयोग?

७ डिसेंबर

साडूंकडे गेलो. जेवणं चालली होती. साडू, मेहुणी, त्यांच्या सूनबाई, आणि मधल्या खुर्चीवर ही. टेबलाशी, बसून, सगळ्यांबरोबर जेवत होती. साडू स्वतः वाढत होते, कमरेला फडकं बांधून. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. कोणी उठलं नाही. मी दाराशी उभा राहिलो.

हिने विचारलं, “जेवलात?”

मी म्हटलं, “संपादिकाबाई विचारतायत, सहाशे पानं कोणी केली.”

“सांगायचं ना, तुम्ही म्हणून. नाव पाहिजे होतं ना तुम्हाला. म्हणून तर मी बोलले नाही. एवढं एकच मागत होतात इतक्या वर्षांत.”

“मापात पाप आहे ते,” मी म्हटलं. “मी शिक्का मारणार नाही.” पुढे बरंच ठरवून आलो होतो, टंकलेखकाचं, पेन्सिलीचं, पण मध्येच मला रडू आलं. नाव गेलं म्हणून आलं की हिच्यासाठी आलं, ते अजून सांगता येत नाही. दोन्हींसाठी असेल. मेहुणी ताटाकडे बघत होती. साडू डाव हातात धरून तसेच उभे.

ही माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली,

“बस.”

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. काना नाही, काही नाही. रडणं पुरे असं म्हणाली की खाली टेक असं म्हणाली, ते कळलं नाही. तक्त्यात त्याला रकाना नाही. साडूंनी अळंबीचं रिकामं खोकं उलटं करून माझ्यापुढे सरकवलं आणि मी बसलो. खोकं ओलं होतं.

९ डिसेंबर

ही घरी आली. आल्या आल्या फ्रिजवरचा तक्ता वाचला आणि दूध घ्यायला फ्रिज उघडला. तक्ता मीच काढला. नळवाल्याला फोन करून म्हटलं, “अरे बाबा, ये, तुझा पाना पडलाय इथे.” तो हसला, “आलो साहेब.”

संपादिकाबाईंना फोन लावला. “पूर्ण नाव सांगा, मुखपृष्ठासाठी,” त्या म्हणाल्या. मी हिचं नाव सांगितलं. फॉर्मांवर शेकडो वेळा लिहिलंय, तोंडाने कधी घेतलं नव्हतं. जरा मोठ्यानेच निघालं असावं. ही ओट्यापाशी होती, वळून म्हणाली, “ओ?”

२८ डिसेंबर

शेवटची शंभर पानं आता ही करते. मुदत तीन दिवसांवर आली. हिची बोटं सुजलीत, म्हणून ती सांगते आणि मी टाइप करतो. टेबलाशी दुसऱ्या खुर्चीवर ती बसते, शब्दकोश जमिनीवर. मी ओट्यापाशी स्टुलावर. स्टूल फार वाईट आहे हो, त्याचा एक पाय आखूड. इतके दिवस कोणी बोललं कसं नाही? मी एका बोटाने टाइप करतो. एका वाक्याला ही दोनदा खिडकीपर्यंत जाऊन येते.

मी ‘सदर’ सुचवलं. “नको,” म्हणाली.

संपादिकाबाईंनी कळवलंय, पान चारवर खाली बारीक अक्षरात ‘टंकलेखन’ म्हणून माझंही नाव घालतील. साडूंना सांगितलं. त्यांनी विचार करून सांगितलं की बारीक असलं तरी छापीलच आहे.

सगळं संपल्यावर ही म्हणाली, “आता सहाशे अकरा परत काढा. तेवढं राहिलंय.” मी पान काढलं. ही पुस्तक मिटून, डोळे मिटून म्हणाली, “‘बसा,’ बाईसाहेब म्हणाल्या.”

मी टाइप केलं. ही उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली, चष्मा वर करून पडद्याकडे वाकली.

“काना राहिला.”

मी काना दिला.